दगडांतली अक्षरे



मागील धड्यात आपण पत्र कसे लिहावे ते शिकलो. या धड्यात आपण पदार्थसंग्रहालय कसे पाहावे ते शिकू. तुम्ही म्हणाल, "मास्तर, पाहायला काय शिकायचं? डोळे आहेत, पाहिलं!" पण तसे नाही. एकाच शेतातून दोघे जण जातात. एकाला नुसती माती दिसते. दुसऱ्याला कळते की ही जमीन भुईमुगाला चांगली आहे. डोळे दोघांनाही आहेत. फरक आहे तो माहितीचा.

पदार्थसंग्रहालय म्हणजे काय?

जुनी माणसे त्याला अजबखाना म्हणत. शहरातले लोक म्युझियम म्हणतात. तिथे जुन्या वस्तू मांडून ठेवलेल्या असतात. दगड, हाडे, मडकी, नाणी, दिवे, हत्यारे, कपडे. प्रत्येक वस्तूजवळ एक लहान चिठ्ठी असते. वस्तू कोणती, कोठे मिळाली, किती जुनी, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. ज्याला वाचता येत नाही त्याला ते मडके दिसते, पण मडक्याची हकीकत कळत नाही. म्हणून हा धडा तुमच्यासाठी आहे. आता तुम्हांला अक्षरे येतात. आता तुम्ही कोणाला न विचारता ती चिठ्ठी वाचू शकता.

जीव दगड कसा होतो?

कोबा ओला असताना त्यावरून कुत्रे चालत गेले, तर पंजाचे ठसे उमटतात. कोबा वाळला की ते ठसे कायमचे राहतात. कुत्रे केव्हाच निघून गेलेले असते. पण ठसा सांगतो की इथून कुत्रे गेले, मोठे होते की पिल्लू होते, आणि कोणत्या दिशेला गेले. आपल्या गवंडी बंधूंना हे मी सांगायला नको.

निसर्गातही असेच होते. एखादा प्राणी तळ्याच्या काठी मरतो. त्याच्यावर गाळ बसतो. मांस कुजून जाते, हाडे राहतात. गाळावर गाळ साचतो. जमिनीतले पाणी क्षार घेऊन झिरपत असते. ते क्षार हाडांच्या बारीक छिद्रांत भरत जातात. हजारो, लाखो वर्षे हे चालते. शेवटी हाडाचा आकार तसाच राहतो, पण हाड दगडासारखे होते. याला जीवाश्म म्हणतात. अश्म म्हणजे दगड. झाडाचा बुंधा, पान, शिंपला, मासा, पायाचा ठसा, या सर्वांचे जीवाश्म मिळतात.

तुमच्यापैकी काहींच्या घरी जीवाश्म असेलही. देवघरातला शाळिग्राम आठवा. तो नेपाळातील गंडकी नदीत मिळतो. काही शाळिग्रामांत चक्राचा आकार दिसतो. तो आकार एका समुद्रातल्या प्राण्याच्या शंखाचा आहे. तो प्राणी दहा कोटी वर्षांहूनही आधी जगत होता. त्याची जात आज पृथ्वीवर कोठेही शिल्लक नाही. आता विचार करा. समुद्रातला प्राणी हिमालयात कसा गेला? तो गेला नाही. जिथे आज हिमालय आहे तिथे तेव्हा समुद्र होता. समुद्राचा तळ हळूहळू वर उचलला गेला आणि त्याचा डोंगर झाला. भक्ताला त्या दगडात देव दिसतो. अभ्यासकाला त्यात जुना समुद्र दिसतो. एकामुळे दुसऱ्याला बाध येत नाही.

आपल्या काळ्या दगडात काय आहे?

आपण कोथरूडला राहतो. आपल्या मागे टेकड्या आहेत. तिथला दगड काळा आणि कठीण. घराचा पाया, रस्त्याची खडी, पाटा-वरवंटा, सगळे याच दगडाचे. हा दगड आला कोठून?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या मुलखात जमीन फाटली आणि भेगांतून तापलेला रस बाहेर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो पसरला, थंड झाला, दगड झाला. पुन्हा रस आला, पुन्हा थर बसला. असे थरावर थर साचले. घाटातून जाताना डोंगराला पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात ना? ते हेच थर. आजही हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेला आहे.

उकळत्या रसात कोणता जीव टिकणार? म्हणून या काळ्या दगडाच्या पोटात जीवाश्म सहसा मिळत नाहीत. खाणीत काम करणाऱ्यांना कधीकधी दगडाच्या पोकळीत पांढरे, चमकदार स्फटिक मिळतात. फुलासारखे दिसतात. ते जीवाश्म नव्हेत, आणि हिरेही नव्हेत. पाण्यातले क्षार पोकळीत साचून ते बनतात. दिसायला सुंदर असतात, आणि संग्रहालयांत ते मांडलेलेही असतात.

पण एक गंमत आहे. एक थर बसला की पुढचा थर येईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ जाई. तेवढ्यात पाऊस पडे, तळी होत, झाडे उगवत, बेडूक ओरडत. मग नवा रस येई आणि ते सर्व गाडले जाई. दोन थरांच्या मधल्या गाळात मात्र जीवाश्म मिळतात.

मुंबई पूर्वी सात बेटांची होती. त्यांतले एक वरळी. तिथे असाच मधला गाळ उघडा पडला आणि त्यात लहान लहान बेडकांचे सांगाडे सापडले. इ. स. १८४७ मध्ये विलायतेतील विद्वानांनी त्यांचे वर्णन छापले. म्हणजे, बघा, ज्या वरळीत आज उंच इमारती आहेत तिथे एके काळी गोड्या पाण्याचे तळे होते, आणि त्यात बेडूक होते. हे कोणी पाहिले? कोणी नाही. दगडाने जपून ठेवले.

पूर्वेकडे गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुका आहे. तिथे वडधम गावाजवळ झाडांचे ओंडके दगड होऊन पडले आहेत. लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसतात, पण कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडच मोडेल. त्याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात एका अजस्र प्राण्याची हाडे मिळाली. मांडीचे एकच हाड जवळजवळ पुरुषभर उंचीचे. बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय. त्यावरून आणि रवींद्रनाथ टागोरांच्या नावावरून त्या प्राण्याचे शास्त्रीय नाव ठेवले: बारापासॉरस टागोराय. त्याचा सांगाडा कलकत्त्याच्या, म्हणजे आजच्या कोलकात्याच्या, भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा केलेला आहे.

आणि गोदावरीच्या काठी, नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळ, आज नाहीशा झालेल्या एका मोठ्या हत्तीची कवटी विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाली. ती मात्र लाव्हाच्या काळातली नव्हे. ती नदीच्या गाळातली, म्हणून पुष्कळ अलीकडची.

इथे एक नियम लक्षात ठेवा. गोदामात पोती रचली, तर सर्वांत खालचे पोते आधी ठेवलेले असते. जमिनीचेही तसेच. खालचा थर जुना, वरचा थर नवा. म्हणून वस्तू कोणत्या थरात मिळाली, हे वस्तूइतकेच महत्त्वाचे असते. वस्तू उपटून घरी आणली की तिची अर्धी हकीकत नाहीशी होते.

इनामगावचा शेतकरी

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. १९३९ साली तिथे संशोधनाचे काम नव्याने सुरू झाले. डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया हे तिथले मोठे पुरातत्त्वज्ञ. पुरातत्त्वज्ञ म्हणजे जमीन खणून जुना काळ शोधणारा. त्या कॉलेजात एक संग्रहालय आहे. राजेरजवाड्यांचे सोने पाहायचे असेल तर तिथे जाऊ नका. तुमच्या-आमच्यासारखी माणसे पूर्वी कशी राहत, ते पाहायचे असेल तर जरूर जा.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने खोदकाम केले. डॉ. सांकळिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. अन्सारी या कामात प्रमुख होते. मातीखालून एक संपूर्ण खेडे निघाले. शंभराहून अधिक घरांच्या खुणा मिळाल्या. ते खेडे इ. स. पूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदत होते. म्हणजे शिवाजी महाराजांच्या कितीतरी आधी, गौतम बुद्धाच्याही आधी, आपल्या पुणे जिल्ह्यात शेतकरी नांगरत-पेरत होता.

त्याचे घर कुडा-मातीचे, वर शाकारलेले. घरात चूल, धान्याच्या कणग्या, जमिनीत खणलेली धान्याची पेवे. मुख्य पीक जव. शिवाय गहू आणि कडधान्ये. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या. तांबे थोडे, म्हणून कापायला गारगोटीसारख्या दगडाची धारदार पाती. मडकी तांबडी, त्यांवर काळ्या रंगाची नक्षी. दळायला फिरते जाते त्याच्याकडे नव्हते. सपाट दगडावर दुसऱ्या दगडाने धान्य रगडीत. आपल्या पाट्या-वरवंट्याचा हा खापरपणजोबाच म्हणा.

नदीच्या पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी त्यांनी बांध घातला होता आणि पाट खणला होता. हे काम एकट्या-दुकट्याचे नव्हे. दहा जणांनी एकत्र यावे, तेव्हा ते होते. गावात एक घर पाच खोल्यांचे निघाले. ते गावच्या प्रमुखाचे असावे. त्याच्या जवळच धान्याचे कोठार होते. अडीअडचणीसाठी गावाचे धान्य तिथे साठवीत असावेत.

लहान मूल दगावले, तर त्याला दोन रांजणांत ठेवीत. रांजणांची तोंडे एकमेकांना लावीत, आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसाला पुरताना बहुधा घोट्याखालचे पाय तोडीत. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये, अशी त्यांची समजूत असावी, असा विद्वानांचा तर्क आहे. ऐकायला चमत्कारिक वाटते. पण त्यामागचे मन ओळखीचे आहे. आपले माणूस आपल्यापासून दूर जाऊ नये, असे आजच्या आईलाही वाटतेच.

मग काय झाले? इ. स. पूर्वी १००० च्या सुमारास दिवस पालटले. पाऊस कमी झाला असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. मोठी चौकोनी घरे गेली. लहान, गोल झोपड्या आल्या. शेती उतरली, आणि हरणांची शिकार वाढली. शेवटी इ. स. पूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. हे कसे कळले? कोणी लिहून ठेवले नव्हते. त्या लोकांना लिपीच नव्हती. उकिरड्यातली हाडे, जळके दाणे आणि झोपड्यांच्या खुणा, यांवरून कळले.

दुष्काळाने गाव सोडून शहरात आलेली माणसे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत. इनामगावची हकीकत त्यांना परकी वाटणार नाही. घर सोडून जाणारा गरीब कोणत्याही काळात आपले नाव मागे ठेवीत नाही. त्याची चूल आणि त्याचे मडके तेवढे राहते.

कोथरूडचा महाल शहरात

दुसरे एक संग्रहालय पुण्यात बाजीराव रस्त्यावर आहे. त्याचे नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर हे कवी होते. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहाला त्याचे नाव दिले. १९२० च्या सुमारास ते वस्तू जमवू लागले. गावोगाव फिरले. वाड्यांतून, माळ्यांवरून, भांडीवाल्यांकडून वस्तू मिळवल्या. संग्रह सुमारे वीस हजार वस्तूंचा झाला. १९७५ साली त्यांनी तो सर्वच्या सर्व महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला.

त्यात काय आहे? अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, वाद्ये, फण्या, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी. तुम्ही म्हणाल, अडकित्त्यात काय पाहायचे? पण बघा. सुपारी कातरायचे साधे साधन, त्यालाही कोणा कारागिराने मोराचा आकार दिला, कोणी घोड्याचा दिला. त्या कारागिराचे नाव कोणालाही ठाऊक नाही. हात मात्र दिसतो.

आणि एक गोष्ट आपल्या कोथरूडकरांसाठी. पेशवाईत कोथरूड हे पुण्याबाहेरचे खेडे होते. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी इथे महाल बांधला होता. त्या महालाचे जे अवशेष उरले, ते केळकरांनी आपल्या संग्रहालयात नेले आणि तिथे महाल पुन्हा उभा केला. आज कोथरूडात मोठमोठ्या इमारती आहेत. कोथरूडचा जुना महाल पाहायचा तर मात्र बाजीराव रस्त्यावर जावे लागते. कोणीतरी वेळेवर उचलून नेला, म्हणून तेवढा तरी राहिला. बाकीच्या किती वाड्यांचे खांब बंबात जळाले, त्याचा हिशेब नाही.

आपल्या हाती काय आहे?

आता नीट ऐका. हा भाग महत्त्वाचा आहे.

जुन्या वस्तू प्रथम कोणाला सापडतात? प्रोफेसरांना क्वचितच. पाया खणणाऱ्याला, विहीर खणणाऱ्याला, नांगर धरणाऱ्याला, वाळू काढणाऱ्याला सापडतात. म्हणजे तुम्हांला. पहारीच्या पुढच्या घावाने ती वस्तू फुटणार की टिकणार, हे त्या क्षणी तुमच्या हाती असते.

यासाठी कायदाही आहे. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आजही चालू आहे. निखात निधी म्हणजे जमिनीत पुरलेले धन. दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडले, तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. काय सापडले, किती सापडले, कोठे सापडले आणि कोणत्या तारखेला, हे लिहावे लागते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दंडही होऊ शकतो. उलट, कळवणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. धनाला कोणी मालक नाही असे ठरले, तर सापडवणाऱ्याला त्यात वाटा आहे. पण ज्याने कळवले नाही त्याचा वाटा सरकारजमा होतो.

पाहिलेत? कायदा म्हणतो, 'लेखी'. ज्याला लिहिता येत नाही त्याला दुसऱ्याकडे जावे लागते. मग अर्जावर नाव कोणाचे पडेल, कोण जाणे! म्हणून हा अर्ज स्वतः लिहायला शिका.

> मा. जिल्हाधिकारी, पुणे, यांस
>
> अर्ज करतो/करते की, दिनांक ............ रोजी ............ येथे जमीन खणत असताना मला ............ सापडले. त्यांची संख्या ............ आहे. वस्तू आहे त्या जागी ठेवली आहे. कृपया पाहणी करावी.
>
> अर्जदाराचे नाव, पत्ता व सही

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर पोच घेऊन जवळ ठेवा.

हाड किंवा जीवाश्म सापडला, तर तो सोन्यासारखा विकायचा माल नव्हे. पण कळवायचे तसेच. गावात तलाठ्याला, शहरात जवळच्या कॉलेजाला सांगा. तोवर पुढील चार गोष्टी पाळा.

१. खोदणे थांबवा. पहार बाजूला ठेवा.
२. वस्तू उपटू नका. पाण्याने धुऊ नका.
३. जागेचा फोटो काढा. आजकाल फोन बहुतेकांजवळ असतो.
४. दिवस, जागा आणि खोली लिहून ठेवा. खोली हाताने मोजली तरी चालेल.

संग्रहालय पाहायला जाताना

डेक्कन कॉलेजला जायचे तर वनाज स्टेशनावर मेट्रोत बसा आणि येरवड्याला उतरा. मध्ये गाडी बदलावी लागत नाही. वाटेत प्रत्येक स्टेशनाचे नाव वाचा. तोही अभ्यासच आहे. पुढे रिक्षा करा. उघडण्याची वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या.

आत गेल्यावर धावपळ करू नका. सर्व काही एका दिवसात पाहू नका. दहाच वस्तू निवडा. आधी वस्तू पाहा आणि मनात प्रश्न विचारा: हे कशाचे केले आहे? कोणी वापरले असेल? झिजले कोठे आहे? मग चिठ्ठी वाचा. जोडाक्षर अडले तर वहीत उतरवून आणा. आपण वर्गात सोडवू. काही चिठ्ठ्या इंग्रजीत असतील. तिथल्या माणसाला अर्थ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. संग्रहालय जनतेसाठी आहे, आणि जनता म्हणजे आपणच.

मुलांना बरोबर न्या. आजीलाही न्या. केळकर संग्रहालयातली निम्मी भांडी आजीने वापरलेली असतील. तिथे चिठ्ठी वाचायची गरज नाही. आजीच सांगेल, आणि चिठ्ठीपेक्षा जास्त सांगेल. ते मात्र तुम्ही वहीत लिहून घ्या. कारण आजीची हकीकत दगडात उमटत नाही. ती कोणी लिहिली तरच राहते.

नवे शब्द

जीवाश्म — दगड झालेला प्राणी किंवा वनस्पती, अथवा तिचा ठसा
पुरातत्त्वज्ञ — जमीन खणून जुन्या काळाचा शोध घेणारा अभ्यासक
अवशेष — मागे उरलेला भाग
पेव — धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा
निखात निधी — जमिनीत पुरलेले धन

प्रश्न

१. काळ्या दगडाच्या पोटात जीवाश्म सहसा का मिळत नाहीत? मग वरळीला बेडूक कसे मिळाले?
२. इनामगावच्या लोकांवर वाईट दिवस आले, हे कशावरून कळले?
३. वस्तू जागेवरून उपटली तर काय नुकसान होते?
४. वर दिलेला अर्ज रिकाम्या जागा भरून वहीत लिहा. सही स्वतःची करा.
५. आपल्या घरातली सर्वांत जुनी वस्तू शोधा. ती कोणी आणली, कशासाठी वापरली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पाच ओळींची चिठ्ठी लिहून त्या वस्तूजवळ ठेवा.